छातीएवढी काठी

"इंग्लिशबाई आली हाय. तिलेच वाचाले लावू, मंग कागद फाईलीत लावून टाकू."

मांडवाच्या कनातीमागून हे ऐकू आलं तेव्हा मी वाकून चपलेचा पट्टा सोडत होते. इंग्लिशबाई म्हणजे मी. आवाज गावाच्या वनसमितीच्या सचिवाचा होता. कागद कोणता, तेही मला मान वर न करता कळलं. गावाचं जंगल राखणाऱ्या आबाजींच्या घरात, पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीशेजारी तो चार वर्षं होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चार खिळे ठोकून. त्यावर मी नोकरीला होते त्या संस्थेचा गोल शिक्का आहे आणि इंग्रजीत आबाजींचं नाव. ते नाव मी टाईप केलं होतं. त्याच्या पुढचं वाक्यही मीच.

त्या दिवशी आबाजींचं पुण्यानुमोदन होतं, त्यांच्या मृत्यूनंतरचा वंदनेचा कार्यक्रम. वंदना झाल्यावर एकेकाने उठून दोन शब्द बोलायचे, आणि शेवटी मी तो कागद मराठीत वाचून दाखवायचा, असं माझ्यामागे ठरलेलं होतं. समिती नव्याने अर्ज करणार होती, गावाच्या जंगलाला मदत मिळावी म्हणून. आबाजींच्या झाडं मोजल्याच्या वह्या आणि पुरावा म्हणून वर हा शिक्क्याचा कागद. त्यात आबाजींची स्तुती आहे असं सगळं गाव धरून चाललं होतं. तसं त्यांना मीच भासवलं होतं.

कागदात स्तुती नाही. त्यात असं लिहिलंय की या वह्या विश्वास ठेवण्यासारख्या नाहीत, बहुधा घरी बसून रचलेल्या आहेत.

मी आबाजींना पहिल्यांदा पाहिलं ते एका झाडाला मिठी मारलेल्या स्थितीत. दोन हजार बाराचा हिवाळा होता. मी बावीस वर्षांची, गोंदियाची, इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी हिंदी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली, त्यामुळे दोन्ही अर्धीच आलेली. नोकरी लागली ती जंगलाचं काम करणाऱ्या एका संस्थेत. दिल्लीहून येणाऱ्या साहेबांचं इंग्रजी सालेकशाच्या बाजूच्या गावांत मराठीत सांगायचं आणि गावाचं बोलणं इंग्रजीत न्यायचं, एवढंच काम. न बोलणाऱ्या मुलीला दुभाषी नेमण्याची चूक त्यांच्या फार उशिरा लक्षात आली.

आबाजी झाडाभोवती सुतळी गुंडाळत होते आणि दुसरं टोक त्यांच्या हाताला लागत नव्हतं. गाल सालीला चिकटलेला. मला पाहून त्यांनी कोण, कुठली, काही विचारलं नाही.

"तिकडून टोक धर," म्हणाले. "उभी काऊन राह्यली?"

मी टोक धरलं. पुढची दोन वर्षं, आठवड्यातून दोन दिवस, मी ते टोक धरत राहिले.

तरुणपणी ते जंगलखात्यात रोजंदारीवर होते. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायच्या आधी कुठलं झाड जाणार हे साहेब ठरवत. ठरलेल्या झाडावर डांबराचा पट्टा मारायचा. तो डांबराचा डबा अकरा वर्षं आबाजींच्या हातात होता. त्यांच्या गावामागचा डोंगर असाच, त्यांच्याच हाताने पट्टे मारून, उघडा झाला. त्याबद्दल ते कधी रडगाणं गात नसत. फक्त डबा कोणत्या हातात धरायचो ते सांगताना तो हात मागे नेत.

नोकरी सुटल्यावर त्यांनी उरलेलं जंगल राखायला सुरुवात केली. आधी एकट्याने. लोक हसले. मग पाच घरं आली, मग सगळी. कुऱ्हाड घेऊन जायचं नाही, वाळलेलं तेवढं आणायचं, तेंदूपानाच्या दिवसांत आग लावायची नाही. आणि दर हिवाळ्यात साठ झाडं मोजायची. हे मोजणं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तोडाच्या आधी मोजत होतो. मंग वाढते तवा काऊन नाई मोजाचं?"

साठही झाडांना नावं होती. 'सरपंच' नावाचा येन, म्हणजे ऐनाचं झाड, वरून भरदार होता आणि आतून पोकळ. 'सासू' हा धावडा असा झुकलेला की खालून जाणाऱ्याच्या डोक्याला फांदी लागल्याशिवाय राहायची नाही. एका मोहाचं नाव 'तहसील', कारण तिथे पोचलं की बसून वाट पाहावीच लागायची. कोणाची, ते ठरलेलं नव्हतं. त्या गावचा खरा सरपंच एकदा माझ्यासमोर म्हणाला, "आबाजी, माहं झाड बदलून द्या गा." आबाजी म्हणाले, "पाच साल भरू दे. इलेक्शनात पाहू."

झाडांना नावं का, तर नंबर द्यायचा नव्हता म्हणून. संस्थेचा नियम असा होता की प्रत्येक झाडावर रंगाने नंबर टाकायचा आणि जमिनीपासून चार फूट सहा इंचांवर एक पट्टा ओढायचा, म्हणजे दर वर्षी माप त्याच जागी पडेल. मी पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेले. आबाजींनी डबा माझ्या हातातून हळूच घेतला, झाकण दाबून बसवलं आणि माझ्या पिशवीत परत ठेवला.

"पट्टा लागला का झाड गेलं," म्हणाले. "मी नाई लावू देनार. माह्या हातानं नाई, बाई. दुसऱ्याच्या हातानंही नाई."

मग उंची कशी ठरवता? त्यांनी छातीवर पंजा ठेवला. खात्यातल्या साहेबाने त्यांना शिकवलं होतं, घेर छातीवर मोजायचा. जगभर तोच नियम आहे. "छाती तं संगंच हाय," आबाजी म्हणाले. "घरी इसरून येत नाई मी."

काम काय आहे ते त्यांना समजावताना माझी फार फजिती झाली. ज्या देशांनी आपली जंगलं कापून कारखाने उभे केले, त्यांच्या धुराने सगळ्यांची हवा तापते आहे. उभं झाड तो धूर धरून ठेवतं. म्हणून आपल्यासारख्या देशांनी जंगल उभं ठेवावं आणि त्यांनी त्यासाठी मदत करावी. पण जंगल खरंच राखलं जातंय, खरंच वाढतंय, हे मापाने दाखवावं लागतं. एवढं सांगायला मला अर्धा तास लागला आणि मध्ये बरेच इंग्रजी शब्द सांडले. आबाजी ऐकून घेत होते.

"म्हंजे धूर त्याईचा," ते म्हणाले, "अन् पोट आमच्या येनाचं."

मी हो म्हटलं.

"अन् मोजलं नाई तं येन धूर खात नाई का?"

हे मी दिल्लीच्या साहेबांना कधी विचारलं नाही.

त्यांच्या जंगलाला लागून रेल्वेचे रूळ जातात. कोळशाची मालगाडी आली की आबाजी सुतळी सैल सोडून उभे राहत. कोळसा म्हणजे फार जुनं जंगल, जमिनीत दबून काळं झालेलं, हे त्यांना मीच एकदा सांगून बसले होते. तेव्हापासून गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत काम बंद. "ते जुनं जाऊन राह्यलं जाळाले," म्हणायचे, "अन् आपन नवं मोजून राह्यलो. पुरन का गा हे त्याले?" गा म्हणून ते कोणाला विचारत होते माहीत नाही. तिथे मी आणि झाडं, एवढेच असायचो.

मराठी अंक मला येत नसत. एकोणसाठ की एकोणसत्तर, यात मी नेहमी अडकायची. ते माप सांगत आणि मी पेन धरून थांबे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. हसले नाहीत. त्या दिवसापासून माझ्यासाठी ते अंक सुटे करून सांगू लागले. पाच, नऊ. सात, चार. लहान मुलाला बोट धरून नाल्यातून नेतात तसं. त्यांची बायको, आम्ही तिला आजी म्हणायचो, चुलीजवळून ओरडायची, "अठरा साल झाडाईच्या कमरा मोजून राह्यला बुढा. माही एक बार नाई मोजली." आबाजी मला हळूच म्हणायचे, "सुतळी पुरली पाहिजे ना."

आता काठीबद्दल. आबाजींकडे धावड्याची एक काठी होती. जंगल राखायला लागले त्या वर्षी त्यांनी ती कापली, बरोबर छातीएवढी, हात ठेवून उभं राहता यावं म्हणून. जंगलात कुऱ्हाडीचा त्यांचा स्वतःचा तो शेवटचा घाव. ती काठी आता त्यांच्या हनुवटीला लागायची. गावातल्या कोणालाही ते ती दाखवून म्हणत, "पाहा, माही काठी वाढून राह्यली. तोडली तरी वाढून राह्यली." लोक हसत. मीही हसले. मग त्या दिवशी घरी जाताना, बसमध्ये, मला हसता येईना.

सुतळी धरताना मला वाकावं लागायचं. पहिल्या आठवड्यापासून माझी कंबर दुखत होती आणि मी ती माझी सवय नसेल म्हणून सोडून दिली होती. पुढच्या खेपेला आबाजी पाणी प्यायला गेले तेव्हा मी टेप काढला आणि 'सरपंच'चा घेर दोनदा घेतला. एकदा चार फूट सहा इंचांवर. एकदा आबाजींच्या छातीच्या जागी, जी आता वीतभर खाली आली होती. झाड बुंध्याकडे रुंद असतं. आकड्यांत चांगलाच फरक पडला. पहिल्या वह्यांत आबाजी ताठ होते आणि मापं बरोबर होती. मग दर हिवाळ्याला ते थोडे वाकत गेले, सुतळी थोडी खाली येत गेली, आणि वहीतली झाडं खऱ्या झाडांपेक्षा वेगाने जाड होत गेली. झाडावर एक पट्टा असता तर हे झालं नसतं. पट्टा ते मारू देत नव्हते, आणि का देत नव्हते ते मला माहीत होतं.

मी त्यांना सांगितलं नाही. त्यासाठी मला म्हणावं लागलं असतं की आबाजी, तुम्ही वाकला आहात. हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. कार्यालयातही सांगितलं नाही. कोणी विचारलं की सांगू, असं ठरवलं. मी सगळ्याच बाबतीत असं ठरवते.

दिल्लीचे साहेब मार्चमध्ये तपासणीला आले. सज्जन माणूस. ओसरीत पाटावर बसले, काळा चहा प्यायले, आजीला नमस्कार केला. आबाजी पांढरा सदरा घालून तयार होते. त्यांनी निळ्या कापडात बांधलेल्या वह्या सोडल्या, एकेक वही दोन्ही हातांनी पुढे दिली. काठी बाजूला भिंतीला टेकलेली. माझ्यापासून हातभर अंतरावर.

साहेबांनी वह्या चाळल्या, मधली दोन-तीन पानं मोबाईलवर हिशेब करून पाहिली. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाले की येनाचं झाड एवढ्या वेगाने वाढत नाही, कुठेच नाही. हे घरी बसून लिहिलेलं दिसतं. वाईट वाटतं, पण असं बऱ्याच ठिकाणी होतं. ते चिडलेले नव्हते. आकड्यांबाबत ते बरोबरही होते. मी तोंड उघडलं असतं, काठी उचलून त्यांच्या हातात दिली असती, तर दहा मिनिटांत त्यांना कळलं असतं. कदाचित त्यांनी ते हिशेबात धरून आकडे सुधारूनही घेतले असते.

आबाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. "का म्हनून राह्यले साहेब?"

मी म्हणाले, "साहेब म्हणतात, अक्षर खूप छान आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली पाहावं लागलं. ते दुसरी इयत्ता शिकलेले. अक्षराला कोणी छान म्हटल्याचं ते पहिलंच असावं. नंतर त्यांनी आम्हाला हट्टाने नाल्यावर नेलं. राखणी सुरू व्हायच्या आधी तो झरा होळीला आटायचा, आता चैत्र संपेपर्यंत वाहतो, खालच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, उन्हाळ्यातही ओल राहते. त्यांनी ओंजळभर पाणी साहेबांना दाखवलं. साहेबांनी फोटो काढला. अहवालात झऱ्याचा रकाना नव्हता.

अहवाल मी टाईप केला. ते वाक्य लिहिताना मी दोनदा थांबले आणि दोनदा पुढे गेले. जुनी नोंद खात्रीची नाही म्हणून गाव वगळण्यात आलं, निवड दुसरीकडे झाली. गावात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. योजना येतात म्हणतात आणि येत नाहीत. आबाजींनी मात्र विचारलं, आपलं नाव छापलं का? मी हो म्हटलं. ते खरं होतं. त्यांनी त्या पानाची प्रत मागितली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी ती आणून दिली. पुढच्या आठवड्यात गेले तर भिंतीवर चार खिळे होते.

आल्यागेल्याला ते कागद दाखवत. पोस्टमनला, नर्सबाईला, धान मोजायला आलेल्या माणसाला. आपल्या नावावर बोट ठेवत आणि मग ते बोट पुढच्या वाक्यावरून सावकाश नेत, जणू वाचताहेत. मी समोर असले की म्हणत, "हे इंग्लिशबाईनं लिवलं हाय."

वर्षाअखेरीला मी नागपूरला दुसरी नोकरी धरली. आबाजींनी मोजणं थांबवलं नाही. दर हिवाळ्यात माझ्या फोनवर त्यांचा मिसकॉल यायचा आणि मी उलट फोन करायची. जयभीम म्हणायचे आणि थेट सुरू. सरपंच, एक, सहा, दोन. सासू, एक, शून्य, नऊ. अंक सुटे सुटे, माझ्यासाठी. साठ झाडं संपली की विचारायचे, "दिल्लीले पोचवशील ना?" मी हो म्हणायची. मी ते लिहूनसुद्धा घेत नव्हते. पहिल्या वर्षी घेतले, नंतर नाही.

गेल्या हिवाळ्यात तीन मिसकॉल आले. एक दुपारी, दोन दुसऱ्या दिवशी सकाळी. मी ऑफिसात होते. संध्याकाळी करू म्हटलं. मग 'पोचवशील ना' आठवलं, आणि संध्याकाळ गेली. नंतर कळलं की त्या वर्षी त्यांना टोक धरायला कोणी मिळालं नव्हतं. सुतळी एका फांदीला बांधून, झाडाला फेरी मारून ते दुसऱ्या टोकाशी पोचत होते. एका झाडाला अर्धा तास. पुढे धान कापणीच्या दिवसांत ताप आला आणि चार दिवसांत गेले.

मांडवात सरपंच बोलला, आपल्या नावाच्या पोकळ झाडाची गोष्ट सांगून लोकांना हसवलं आणि स्वतःच डोळे पुसले. एक म्हातारा उठला आणि नुसतंच "माह्या बराबरीचा होता" म्हणून खाली बसला. आजी माझ्या शेजारी पांढऱ्या लुगड्यात बसली होती. सचिवाने खिळे उपसून कागद आणला तेव्हा तिने तो आधी आपल्या हातात घेतला, पदराने प्लॅस्टिक पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"याच्यात त्याचं का लिवलं हाय ते मले कोनी नाई सांगितलं व," ती म्हणाली. "बुढा म्हने, चांगलं हाय. तू सांग."

तिथे इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. मी दोन चांगली वाक्यं बनवली असती तर आजी ती जन्मभर सांभाळणार होती. आणि सचिव तो कागद फाईलीत लावणार होता, वीसहून जास्त वर्षांच्या वह्यांवर, अगदी वर. पुढच्या ज्या कार्यालयात ती फाईल उघडेल, तिथे कोणीतरी इंग्रजी वाचणारा बसलेला असेल.

मी उठले. मी आजीला काठी मागितली. ती दाराआडून कोणीतरी आणून दिली. मी ती जमिनीवर उभी टेकली, दोन्ही हातांनी धरली. माझ्या आवाजाला मांडवाच्या शेवटपर्यंत जायची सवय नव्हती, म्हणून मला पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

"या कागदात लिहिलंय की आबाजींच्या वह्या खोट्या आहेत. बहुतेक घरी बसून लिहिल्या. हे मी टाईप केलं आहे. तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी बोलले नाही. हा कागद फाईलीत लावू नका. वह्या पाठवा, आणि वह्यांसोबत ही काठी पाठवा. पहिल्या वर्षी ही त्यांच्या छातीएवढी होती. त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नाही, आजी. झाडं तेवढी वाढली नव्हती. आबाजी वाकत होते."